ऑटोमॅटिक पिकअपचे गिअर घट्ट पडावेत म्हणून काय करावं? (वाळपई, बजेट ४० हजार)

कुळागरवाला | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, जरा सविस्तर लिहितो.

गाडी डबल कॅब डिझेल पिकअप, फोर बाय फोर, ६ स्पीड ऑटोमॅटिक. टॉर्क कन्व्हर्टरवाली आहे, एएमटी नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मागे एका धाग्यात सगळे ब्रँडवरून भांडत बसले आणि विचारणारा राहिला बाजूला. दुसऱ्या हातातली घेतली, आता ९४,००० किमी झालेत. गिअरबॉक्सचं तेल आधीच्या मालकाने कधी बदललं होतं का, कागदपत्रांत काही सापडत नाही.

वापर असा. केरीकडे आमचं कुळागर आहे. नारळ, सुपारी, केळी साखळीच्या बाजारात जातात. आठवड्यातून एकदा चोर्ला घाटातून बेळगाव. आणि एप्रिल-मेमध्ये डोंगरावरच्या काजूच्या नव्या कलमांना पाणी: मागे ५०० लिटरची टाकी, दीड किलोमीटर कच्ची चढण, दिवसाला चार खेपा.

त्रास असा. थंड असताना गाडी लोण्यासारखी. तापली की दुसऱ्यातून तिसरा पडताना इंजिन एकदम मोकळं ओरडतं, आरपीएमचा काटा चारशे-पाचशेने वर उडतो आणि मग गिअर बसतो. शिवाय साठच्या वेगाला हलका पाय ठेवला की थरथर, जणू रंबलरवरून चाललोय.

व्हिडिओ बघितले, अमेरिकेत लोक 'शिफ्ट किट' बसवतात आणि गिअर खटाखट पडतात. तसं काही आपल्याकडे मिळतं का? कुणी बसवलंय का? गोव्यात किंवा बेळगावात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडणारा विश्वासाचा माणूस आहे का? बजेट सगळं मिळून ४०,०००. पावसाआधी काम व्हायला हवं.

विकायचा सल्ला नको. वडिलांना मध्यरात्री बांबोळीच्या हॉस्पिटलात याच गाडीतून नेलं होतं. ही गाडी घरातली आहे.


पर्वरीकर | रविवार, रात्री १०:०५

विकू नको म्हणतोस, पण स्पष्ट सांगतो, विक. मीही जुन्या गाडीत जीव अडकवून बसलो होतो. दोन वर्षांत लाखभर घातले, शेवटी गेल्या दिवाळीला नवी ऑटोमॅटिक एसयूव्ही घेतली. पर्वरी ते मोपा रोजची ये-जा, गिअर कधी पडला ते कळतसुद्धा नाही. हप्ता ३१ हजार आहे, पण मनाला शांती. तुझे ४० हजार डाउन पेमेंटमध्ये घाल.


पेडणेकर_ह्यूस्टन | रविवार, रात्री ११:३०

मी मूळचा पेडण्याचा, सध्या टेक्सासला. तुला जे हवंय ते मी स्वतःच्या हाताने केलंय, त्यामुळे ऐक.

माझ्याकडे नव्वदच्या दशकातली अमेरिकन पिकअप आहे, चार स्पीड ऑटोमॅटिक. मागे बोटीचा ट्रेलर ओढतो. दोन वर्षांपूर्वी गॅरेजच्या फरशीवर आडवा पडून ट्रान्सगो कंपनीचं किट बसवलं. किट म्हणजे काय? एका पिशवीत वेगळ्या ताणाच्या स्प्रिंगा, एक-दोन व्हॉल्व्ह, गॅस्केट, आणि सेपरेटर प्लेटमधली ठराविक भोकं किती मोठी करायची त्याचे ड्रिल बिट. गिअर मऊ पडावा म्हणून कंपनी अ‍ॅक्युम्युलेटर ठेवते, तो थोडं तेल पिऊन घेतो आणि गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचच्या प्लेटा हळूहळू घट्ट होतात. बसणाऱ्याला आराम, पण तेवढा वेळ प्लेटा एकमेकींवर घासतात. किटने दाब लवकर पोचतो, प्लेटा पटकन पकडतात, घासणं कमी, उष्णता कमी. पहिल्यातून दुसरा पडताना आता पाठीला हलका धक्का बसतो. बायकोला आवडत नाही, मला फार आवडतो.

किट इथून पाठवू का? मुंबईला येणारा माणूस आहे.


टिपरवाला_कुडचडे | सोमवार, सकाळी ७:१५

माझा टिपर ऑटोमॅटिकच आहे. असाच त्रास होता, गिअर उशिरा पडायचा आणि चढावर धक्के. क्लच अ‍ॅक्च्युएटरचं कॅलिब्रेशन लॅपटॉप लावून करून घेतलं, क्लच प्लेट नवी, एकूण २२ हजार. आता चिरे भरून करमल घाट चढतो, काही तक्रार नाही. तूही कॅलिब्रेशन कर, किटबिट सोड.


पेडणेकर_ह्यूस्टन | सोमवार, सकाळी ७:५०

दादा, तुमची एएमटी आहे. त्याने पहिल्या ओळीतच लिहिलंय की त्याची एएमटी नाही. तुमच्याकडे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधाच क्लच, पाय आणि हात यांचं काम मोटर करते. त्याच्याकडे क्लच प्लेट बदलायला इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या बेल हाउसिंगमध्ये तसा क्लचच नाही, तिथे तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर आहे.


टिपरवाला_कुडचडे | सोमवार, सकाळी ८:१०

डावा पाय मोकळा म्हणजे ऑटोमॅटिक. अठरा वर्षं गाड्या चालवतोय, पुस्तकं वाचून नाही. माझं काम २२ हजारात झालं एवढं मला कळतं. धागावाल्याने ठरवावं.


नियमाने_चाला | सोमवार, सकाळी ९:२५

तीन गोष्टी.

एक, मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की मूळ कंपनीच्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने बोट ठेवलं तर?

दोन, ५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलो. टाकीचं वजन वेगळं, वर दोन माणसं. तुमच्या गाडीची वहनक्षमता आरसीवर बघितली आहे का?

तीन, पांढऱ्या पाटीच्या गाडीतून बाजारात माल?


कुळागरवाला | सोमवार, दुपारी १:३०

माल माझ्याच कुळागरातला आहे, भाड्याने काही नेत नाही. टाकीचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे, यापुढे ३०० लिटरच भरीन. कायद्याचं ध्यानात घेतो. पण मला मुळात किट लागणार का, हेच अजून कळलेलं नाही.


साखळीचा_पोर | सोमवार, दुपारी २:००

नियमवाल्या काकांना विचारतो, आरसीवर गिअरबॉक्सच्या स्प्रिंगेचा रकाना कुठे असतो? खाणींच्या दिवसांत आमच्या साखळी-डिचोलीच्या रस्त्यावर काय काय भरून ट्रक जायचे ते सगळ्यांनी बघितलंय. आता एका शेतकऱ्याने पाणी नेलं तर कलम?


नियमाने_चाला | सोमवार, दुपारी २:४०

त्या ट्रकांखाली माणसं मेली आहेत, म्हणूनच सांगतो. शेतकरी असो वा कोणी, ब्रेक तेवढेच लागतात.


म्हापसेकर | सोमवार, संध्याकाळी ६:२०

काहीही कर, पण फ्लश करू नकोस! माझ्या सेडानचं १ लाख १० हजार किमीवर एका गॅरेजवाल्याने मशीन लावून तेल फ्लश केलं. आठवड्यात रिव्हर्स गेला. पंधरा दिवसांत गाडी उभी. जुनं तेल जुन्या गिअरबॉक्सला सवयीचं झालेलं असतं, त्याला हात लावू नये.


बेळगावचा_फिटर | सोमवार, रात्री ८:००

मी गॅरेजच चालवतो, खानापूर रोडकडे. म्हापसेकरांची गाडी तेलाने गेली नाही, आधीच गेलेली होती. प्लेटांचं अस्तर झिजून त्याची पूड तेलात तरंगते, आणि त्या पुडीमुळे उरलेल्या प्लेटा कशाबशा पकडून असतात. नवं स्वच्छ तेल आलं की पकड सुटते. शिवाय मशीनच्या दाबाने पॅनमधला गाळ व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे क्लचना तेलाचा दाब वाटणाऱ्या भागात, शिरतो आणि बारीक व्हॉल्व्ह अडकतात. म्हणून मी फ्लश करत नाही. पॅन खोलतो, निघेल तेवढं तेल काढतो, फिल्टर बदलतो, तेवढंच भरतो. पाचशे किलोमीटरने परत. निम्म्याहून जास्त तेल कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत अडकून राहतं, एका वेळेत सगळं निघत नाही.


म्हापसेकर | सोमवार, रात्री ८:३०

म्हणजे मी तेच म्हटलं. फ्लश नको.


फोंडेकरीण | सोमवार, रात्री ९:१५

मी बाबांचं हार्डवेअरचं दुकान बघते, आमच्याकडेही ऑटोमॅटिक पिकअप होती. माझं नुकसान वाचून तुमचं वाचलं तर बरं.

पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करायची नळी रेडिएटरच्या पोटातूनच जाते. आमच्या गाडीत ती आतून गंजली. कुणीतरी कूलंटऐवजी वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी भरत राहिलं. पाणी गिअरबॉक्समध्ये गेलं. डिपस्टिकला काय लागलं होतं ते आजही डोळ्यांसमोर आहे: गुलाबी, दाट, सोलकढीसारखं. तोपर्यंत गिअर घसरण्यापलीकडे काहीच कळलं नव्हतं. प्लेटांचं कागदी अस्तर पाण्याने सुटतं. पूर्ण गिअरबॉक्स उघडला, १ लाख ८५ हजार.

म्हणून किटच्या आधी, सकाळी गाडी गार असताना रेडिएटरचं झाकण उघडा. आत तेलाचा तवंग किंवा गुलाबी साय दिसली तर गाडी सुरूच करू नका.


पर्वरीकर | सोमवार, रात्री ९:३०

बघा, १ लाख ८५ हजार. म्हणूनच म्हणतो विक.


खाणकाका_डिचोली | मंगळवार, पहाटे ५:५०

बाळा, सगळं वाचलं. मी २६ वर्षं खाणीवर मेकॅनिक होतो, २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा घरी बसलो. आमचे ३५ टनी डंपर टॉर्क कन्व्हर्टरवालेच. तुझ्या गाडीचा मोठा भाऊ म्हण.

डंपरच्या चालकासमोर एक काटा असायचा, कन्व्हर्टरच्या तेलाच्या उष्णतेचा. नव्या चालकाला आम्ही पहिलं काय शिकवायचो तर स्पीडच्या आधी तो काटा बघ. तुझ्या गाडीत काटा नाही, म्हणून तुला दुखणं दिसत नाही, फक्त खोकला ऐकू येतो.

आता तुझी दीड किलोमीटरची चढण. तू दहा-बाराच्या वेगाने अर्धा टन घेऊन चढतोस. एवढ्या कमी वेगात कन्व्हर्टर लॉक होत नाही, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सला थेट जोडलं जात नाही. इंजिन एका पंख्याने तेल फेकतं, त्या तेलाने दुसरा पंखा फिरतो, आणि दोघांच्या वेगात जो फरक आहे त्याची सगळी उष्णता होते. ती जाते तेलात. दिवसाला चार खेपा. तेल करपलं की त्याची पकड बिघडते, रबरी सील कडक होतात, तापल्यावर दाब गळतो. मग दुसऱ्यातून तिसरा पडताना एक क्लच सुटला आणि दुसरा अजून भरला नाही, मधल्या क्षणी इंजिन मोकळं सुटतं. तुझा काटा उडतो तो तिथे. साठची थरथर कन्व्हर्टर लॉक करणाऱ्या लॉक-अप क्लचची, तीही बहुतेक तेलाचीच.

म्हणून किटच्या गप्पा नंतर. आधी या गोष्टी कर.

ओबीडीत, म्हणजे गाडीच्या कंप्युटरच्या तपासणी सॉकेटमध्ये, लावायचं ब्लूटूथ डोंगल घे, हजार-बाराशेला येतं. गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान दाखवणारं अ‍ॅप शोध. चढणीच्या माथ्यावर किती दिसतं ते मला सांग. ८० ते ९५ असेल तर काळजी नाही. १२० च्या वर गेलं तर तेल तळलं जातंय असं समज.

गाडी फोर बाय फोर आहे म्हणतोस. त्या चढणीवर फोर लो, म्हणजे चारही चाकांचा कमी वेगाचा गिअर, लावतोस का?


कुळागरवाला | मंगळवार, सकाळी ८:२०

काका, खरं सांगतो, फोर लोचं बटण आजवर एकदाही फिरवलं नाही. चिखलात अडकल्यावरच वापरायचं असतं असं वाटत होतं. डोंगल आजच मागवतो. रेडिएटर बघितला, पाणी स्वच्छ हिरवं आहे, तवंग नाही. फोंडेकरीण ताई, आभार.


खाणकाका_डिचोली | मंगळवार, सकाळी ८:४५

तिथेच तर चूक आहे. फोर लोमध्ये चाकाला जोर कितीतरी पट मिळतो, इंजिन मोकळेपणी फिरतं आणि कन्व्हर्टर कमी घसरतो. चढ तोच, उष्णता कमी. गाडी थांबवून, न्यूट्रलला घेऊन मग लाव. फक्त कच्च्यावर लावायचं. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून वळलास तर पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतील, गिअरबॉक्स वाचवताना दुसरंच मोडशील.

आणि माथ्यावर पोचल्यावर लगेच चावी काढू नकोस. पार्कमध्ये ठेवून इंजिन जरा वर, बाराशे-पंधराशेवर, दोन-तीन मिनिटं चालू दे. तेल कूलरमधून फिरतं, काटा उतरतो. डंपरला आम्ही हेच करायचो.


टिपरवाला_कुडचडे | मंगळवार, सकाळी ९:००

हे काकांचं पटलं. टर्बोलाही तेच चांगलं.


पेडणेकर_ह्यूस्टन | मंगळवार, सकाळी १०:१०

काकांचा मान ठेवून सांगतो, तापमान सगळं खरं, पण मऊ शिफ्ट ही कंपनीची रचनाच आहे. थंड तेलातही प्लेटा घासतातच. घट्ट शिफ्ट हा कायमचा इलाज. माझं ऑफर कायम आहे.


बेळगावचा_फिटर | मंगळवार, सकाळी ११:००

टेक्सासवाल्या भाऊंना एक विचारतो. तुमचं किट तुमच्या चार स्पीडचं. ते याच्या सहा स्पीडमध्ये कुठे बसणार? भोकं वेगळी, प्लेट वेगळी, व्हॉल्व्ह वेगळे. शिवाय याच्या गिअरबॉक्सचा कंप्युटर प्रत्येक शिफ्टला किती वेळ लागला ते मोजतो आणि दाब स्वतः कमी-जास्त करून शिकत राहतो. तुम्ही स्प्रिंग बदलून दाब वाढवला की तो उलट कमी करायला बघणार. किट बसवलं तर त्याच गिअरबॉक्ससाठी बनवलेलंच हवं, आणि नंतर स्कॅनरने त्याचं जुनं शिकलेलं पुसून टाकायला हवं.


पेडणेकर_ह्यूस्टन | मंगळवार, सकाळी ११:४०

हे मान्य. माझं किट याला चालणार नाही, उत्साहात लिहून गेलो. पण ऑस्ट्रेलियात जपानी पिकअपसाठी व्हॉल्व्ह बॉडीची किटं आणि लॉक-अपची किटं विकली जातात, तिथे सगळे मोठे ट्रेलर ओढतात. तिकडे शोध.


शब्दशोधक | मंगळवार, दुपारी १२:१५

एक दुरुस्ती. 'शिफ्ट किट' हे ट्रान्सगोचं नोंदणीकृत नाव आहे. बाकीच्यांचं ते किट म्हणजे व्हॉल्व्ह बॉडी सुधार किट. शोधताना दोन्ही शब्द टाका, नाहीतर अर्धी पानं सापडणार नाहीत.


म्हापसेकर | मंगळवार, दुपारी १:००

तेल कुठलं घालणार ते ठरलं का? माझ्या ओळखीचा दुकानदार म्हणतो ऑटोमॅटिकचं तेल लाल असतं, कुठलंही लाल चालतं.


बेळगावचा_फिटर | मंगळवार, दुपारी १:२०

कृपया असं कुणी करू नका. रंग फक्त गळती ओळखायला घालतात. डेक्सरॉन ३ लाल, डब्ल्यूएस लाल, सीव्हीटीची काही तेलंही लालसर. दाटपणा वेगळा, घर्षणासाठी घातलेली रसायनं वेगळी. गाडीच्या पुस्तकात जे नाव असेल तेच, डब्यावर ते नाव छापलेलं असेल तरच.


कुळागरवाला | रविवार, रात्री ८:५०

मंडळी, आठवडाभरात जे केलं ते सांगतो.

डोंगल लावून ३०० लिटर घेऊन नेहमीसारखा चढलो. माथ्यावर १२४. मोबाइल हातात घेऊन नुसता बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी तेवढंच पाणी, तीच वेळ, फोर लो लावून: १०१. एकही पैसा न घालता तेवीस अंश उतरले. काका, तुम्हाला मनापासून नमस्कार.

काल साखळीच्या एका ओळखीच्या गॅरेजमध्ये पॅन उघडला. मी शेजारीच बसून होतो. तेल लाल नव्हतंच, दाट काळपट, आणि वास करपलेल्या खोबऱ्याचा. पॅनमध्ये दोन लोहचुंबक होते, दोघांवर मऊ राखाडी लगदा. बोटाने पुसून सूर्याकडे धरला. चकचकीत कण दिसले नाहीत, नुसतं काजळासारखं. फिल्टरच्या जाळीवर मात्र तपकिरी धाग्यांसारखं काहीतरी होतं. हे चांगलं की वाईट?

तेल ४.२ लिटर निघालं, मोजूनच तेवढं भरलं. समोरची जाळी काढली तर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मध्ये लाल मातीचा थर, वाळलेल्या चिखलासारखा. पाण्याने मागून पुढे हळूहळू धुतला, बादलीभर माती निघाली.


खाणकाका_डिचोली | सोमवार, पहाटे ५:३०

राखाडी लगदा सगळ्यांकडे असतो, ती रोजची झीज. चकाकणारे तुकडे असते तर बेअरिंग किंवा गिअर गेला असता. तपकिरी धागे प्लेटांच्या अस्तराचे. थोडी झीज झाली आहे, पण गाडी संपलेली नाही.

पातळी नीट बघितली का? इंजिन चालू, गाडी सपाट, सगळे गिअर एकदा फिरवून, तेल पुस्तकात दिलेल्या तापमानाला आल्यावरच बाजूचा बूच उघडायचा. पुष्कळ गाड्यांत ते चाळीसच्या आसपास असतं. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी तेल बघता बघता त्याच्या वर जातं, आणि गरम तेल फुगून जास्त दिसतं. मग कमी भरलं जातं आणि चढावर पंप हवा ओढतो. पहाटेच बघायचं काम हे.

पाचशे किलोमीटरने परत तेल. त्या वेळी एक वेगळा कूलर कंडेन्सरच्या पुढे बसवून घे. रेडिएटरमधून बाहेर आलेलं तेल त्या कूलरमधून जाऊन मग गिअरबॉक्समध्ये, अशी जोडणी. नळी तेलाचीच हवी, पेट्रोलची किंवा पाण्याची नको.


नियमाने_चाला | सोमवार, सकाळी ९:००

कूलर पुढे बसवताना क्रॅश गार्डसारखं काही लावू नका. कूलर स्वतः ग्रिलच्या आतच राहू द्या.


पर्वरीकर | सोमवार, सकाळी ९:४५

माझ्या नव्या गाडीला सर्व्हिसला ११ हजार सांगितले. नुसतं इंजिन ऑइल आणि फिल्टर. कुणाला एवढे लागतात का?


फोंडेकरीण | सोमवार, सकाळी १०:१५

पर्वरीकर, त्यासाठी वेगळा धागा काढा ना. इथे त्याचं काम मध्यावर आलंय.


कुळागरवाला | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९:१०

उशीर झाला, काजूचा हंगाम होता.

पातळी पहाटे साडेपाचला तपासली. काका बरोबर होते, जवळजवळ अर्धा लिटर कमी होतं. तेल अजून दोनदा बदललं, कूलर बसला. एकूण खर्च: तेल १३ लिटर, फिल्टर, गॅस्केट, कूलर, नळ्या, मजुरी मिळून २९,४००. डोंगराच्या माथ्यावर आता फोर लोमध्ये ८९. चोर्लाच्या चढावर, भरलेली गाडी, ९६.

साठची थरथर पूर्ण गेली. दुसऱ्यातून तिसरा आता नव्वद टक्के वेळा नीट पडतो. पण घाटात केरीहून वर चढताना, भार असताना, तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर काटा अजून दीडशे-दोनशेने उडतो.


बेळगावचा_फिटर | शनिवार, रात्री ९:४०

एवढं झीज झालेल्या प्लेटांचं आहे. असंच चालव. अजून चाळीस-पन्नास हजार किलोमीटर आरामात जाईल, फक्त तेल वेळेवर बदल. व्हॉल्व्ह बॉडीला हात लावू नको.


खाणकाका_डिचोली | रविवार, पहाटे ६:००

मीही हेच सांगेन. चालतंय ते उघडू नये.


टिपरवाला_कुडचडे | रविवार, सकाळी ७:३०

उघडू नकोस. माझंही मत तेच.


म्हापसेकर | रविवार, सकाळी ९:१०

उघडू नकोस. मी तर तेलालाही हात लावू नको म्हणत होतो, पण तुझं जमलं, बरं झालं.


पेडणेकर_ह्यूस्टन | रविवार, सकाळी १०:००

घट्ट शिफ्टचा मी भक्त, पण आता मीही म्हणतो थांब. तुझा त्रास उष्णतेचा होता.


कुळागरवाला | बुधवार, रात्री १०:२०

सगळ्यांचं वाचलं, दोन दिवस विचार केला. तरी किट बसवायचं ठरवलंय.

कारण सांगतो. गेल्या शुक्रवारी वळवाचा पाऊस होता, रात्री साडेअकराला बेळगावहून एकटा येत होतो. चोर्लात धुकं इतकं की बॉनेटच्या पुढे दिसेना. उतार संपून मधला छोटा चढ लागला, समोरून बस, आणि नेमका त्याच क्षणी इंजिन मोकळं सुटलं. अर्धा सेकंदच असेल. पण गाडीने हात सोडल्यासारखं वाटलं. पोटात गोळा आला तो घरी पोचेपर्यंत गेला नाही. पाऊस सुरू झाला की हे दर आठवड्याला. मला त्या अर्ध्या सेकंदाची खात्री हवी आहे.

मेव्हणा मेलबर्नला असतो, जूनमध्ये येतोय. गिअरबॉक्सच्या पट्टीवरचा नंबर त्याला पाठवला, त्याच नंबरचं व्हॉल्व्ह बॉडी किट आहे. बजेट मोडतंय. सुपारीचे थोडे पैसे यायचे आहेत, ते घालीन. बेळगावच्या फिटरभाऊंनी मनाविरुद्ध का होईना, स्कॅनर लावून जुनं शिकलेलं पुसून द्यायला होकार दिलाय.


खाणकाका_डिचोली | गुरुवार, पहाटे ५:४०

ठरवलंस ना? मग आता नीट कर.

मेव्हण्याला सांग, किटबरोबर नवी सेपरेटर गॅस्केट येते की नाही ते बघ, नसेल तर वेगळी घे. व्हॉल्व्ह बॉडी उघडायची ती घरात, दारं-खिडक्या बंद, पंखा बंद. खाली पांढरी चादर. फडकं सुती वापरू नकोस, त्याचा एक धागा व्हॉल्व्हमध्ये गेला तरी गिअर अडकतो. दोन अर्धे वेगळे करताना खालचा हातावरच ठेव, उलटा करू नकोस, बारीक पोलादी गोळ्या घरंगळतात आणि कुठली कुठे होती ते आठवत नाही. आधी फोटो काढ. स्प्रिंग काढलीस की तिच्याच जागेच्या नावाने कागदावर ठेव. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, पुठ्ठ्यावर आकृती काढून तसेच खोचून ठेव. आवळताना अंदाज नको. ते दहा-अकरा न्यूटन मीटरवर बसणारे बोल्ट आहेत, पुस्तकात आकडा बघ. जास्त आवळलास तर अ‍ॅल्युमिनियम वाकतं आणि व्हॉल्व्ह चिकटतो.

माझ्याकडे लहान टॉर्क रेंच आहे, खाणीवरचा. किट आलं की कळव, रविवार बघून मी सकाळच्या बसने साखळीला येतो. तिथून मला घ्यायला ये, आणि येताना गाडी तापवून आण, काटा कुठे उडतो ते उघडायच्या आधी मला एकदा बसून बघायचंय.